थोपटणं

सरकारी दवाखान्यात सरकलेले मणके जागेवर बसवायचे, तर यांत्रिक हातांनाही आता माणसासारखीच पात्रता परीक्षा द्यावी लागे. टेबलावर पडलेल्या शर्वरीच्या मानेकडे येणारे हात धातूचे होते, पण त्यांत उतरवून घेतलेलं कसब तिच्या वडिलांचं होतं. ते मागच्या वर्षी गेले.

मान धरण्याआधी हातांनी तिचा खांदा दोनदा थोपटला. लहानपणी ती पेरूच्या झाडावरून पडली, तेव्हाही बाबांनी असंच थोपटत म्हटलं होतं, "मान सैल सोड, बाळ. मी धरलीय."

"हे थोपटणं उपचारात बसत नाही," परीक्षक कुलथे म्हणाले. "पुसून टाका, मग पात्रता देतो."

"त्याशिवाय मान सुटत नाही, सर."

"तुम्ही लेक त्यांची. तुमचं म्हणणं कसं ग्राह्य धरणार?" म्हणत कुलथ्यांनी तिला उठवलं आणि ते स्वतःच टेबलावर आडवे झाले.

शर्वरीने हातांचं थोपटणं बंद केलं. हात थेट मानेवर गेले आणि थबकले.

"मान सोडा ना, सर!"

"सोडलीय की!"

तिने थोपटणं पुन्हा सुरू केलं. खांद्यावर दोन थापा पडल्या, आणि कुलथ्यांची मान अलगद त्या हातांत आली.

"झालं, सर. उठा."

"थांबा हो," कुलथे डोळे मिटूनच म्हणाले. "अजून एकदा थोपटू दे त्यांना."