एकुलती चावी

जोहान्सबर्गहून मी नवऱ्याची शवपेटी झिम्बाब्वेला घरी आणत होते. मागून त्याची गाडी येत होती. सरहद्दीवर दीर भेटला, गारिकाई. भावाचं तोंड बघायचं सोडून मेल्याने आधी बॉनेट उघडलं. गाडीच्या जकातीच्या कागदांवर मालक म्हणून स्वतःचं नाव घालेपर्यंत पेटी उन्हात तापत राहिली. गावी सगळे रडले, ह्याचे डोळे कोरडे. कबरीपाशीच माझ्या कानाला लागला, “वहिनी, उद्या गाडी पासिंगला न्यायचीय. चावी द्या की. एकच आहे ना?” शिसारीच आली. आमच्यात मेलेल्याच्या वापरातल्या वस्तू त्याच्याबरोबर पुरतात. सासूबाईंनी ताट ठेवलं, पेला ठेवला. मी पुढे होऊन खड्ड्यात चावी टाकली. “अहो वहिनी!” “तुमच्या भावाच्याच वापरातली ना, भावोजी? हवी तर उतरा खाली, सगळ्यांदेखत.” लोकांनी माती लोटली तसा गारिकाईने हंबरडा फोडला. बायका हळहळल्या, “बघा, केवढा जीव होता भावावर!”