बैलाच्या पोटात

रुपाबाईनं कापडी बैलाचं पोट दाबलं, पुन्हा दाबलं. पोट मऊ लागत होतं.

शेपटीला टाचलेली चिठ्ठी तिनं पुन्हा वाचली. 'आत शेंगांची टरफलं आहेत. शेंगदाण्याचा त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये.' आणि आत तर कापूस होता.

"अवो, ऐकलं का? चिठ्ठ्या उलट्या लागल्या. कापसाची चिठ्ठी टरफलाच्या बैलाले गेली!"

फुलसिंग अंगणात दाढी करत बसला होता. "मग काय झालं? बैल काय खायाचा हाये?"

"लेकरू त्याले तोंडात घालते, उशाले घेते. अन् थो बैल म्या नेमका त्या पोरीले देला."

कोणती पोरगी, हे त्याला सांगायची गरज नव्हती. परवापासून ती तिचंच नाव घेत होती.

वाशीमला बचत गटांचं प्रदर्शन होतं. तान्ह्या पोळ्यात पोरांनी मिरवायचे बैल रुपाबाईनं तिथं मांडले होते. पाटीवरचं तांड्याचं नाव वाचत एक बाई सहा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. किन्हीराजाची वैभवी. शेतीवाडीच्या मोठ्या घरची दिसत होती, पण बोलायला मोकळी. लेकीनं, निकितानं, लाल झुलीच्या बैलाला मिठीच मारली. रुपाबाईला माया आली. तिनं आपल्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू पोरीपुढे धरला. पोरीनं हात पुढे केला. आईनं तो मागे ओढला.

"नको, नको. तिले शेंगदाणा चालत नाही. अंगभर गांधी उठतात."

रुपाबाईनं लाडू झटकन डब्यात टाकला. गटाच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या ताईंनी हेच तर सांगितलं होतं. एखाद्या लेकराला दाण्याचा कणही बाधतो, घसा सुजतो, श्वास अडकतो. म्हणून आपल्या हातच्या वस्तूत काय काय आहे, ते लिहून लावायचं. बाकीच्या बाया हसल्या होत्या. रुपाबाईनं मात्र घरी येऊन एकेक चिठ्ठी स्वतःच्या हातानं लिहिली होती.

"बरं झालं सांगतलं, माय," ती म्हणाली. पोरीच्या हातातला बैल तिनं काढून घेतला, चिठ्ठ्या वाचून वाचून तसाच लाल झुलीचा, कापसाचा बैल शोधला आणि वैभवीला दाखवला. वैभवीनं चिठ्ठीकडे पाहिलंही नाही. बैल पिशवीत टाकला आणि लेकीला घेऊन निघाली.

"एका बैलापायी किन्हीराजाले जातं?" फुलसिंगनं वस्तरा खाली ठेवला. "येड लागलं काय तुले?"

"सप्त्यात बुवा काय म्हणाले होते? दुसऱ्याचं लेकरू दिसलं की आपल्या पदराखालचं समजा म्हणे. तुमी तर झोपले होते."

"बुवाले एसटीचं तिकीट लागत नाही."

"मलेबी अर्धंच लागते."

फुलसिंगनं पुन्हा वस्तरा उचलला.

रिकाम्या हातानं जायचं तरी कसं? तिनं कढई तीनदा घासली, ओच्यानं पुसली, उजेडात धरून पाहिली. मग मूठभर तीळ भाजून गुळात लाडू वळले. कापसाचा बैल आणि डबा पिशवीत घेऊन ती मंगरूळपीरच्या स्टँडवर आली. शेलूबाजारला गाडी बदलली. गाडी कुठं थांबली की तिचा जीव घाबरा व्हायचा. रात्री पोरीनं बैल उशाशी घेतला असला तर? कीर्तनातला गजर ती ओठांतल्या ओठांत घोळवत राहिली. देवा, एवढ्या वेळी सांभाळ.

वैभवीचं घर लगेच सापडलं. गोठ्यापुढं उद्याच्या पोळ्यासाठी बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं. ओट्यावर वैभवीची सासू मनकर्णाबाई बसली होती.

"निकिता बरी हाये ना?" रुपाबाईनं दारातूनच विचारलं.

"तिले काय होते? थे पाहा."

निकिता खांबाला टेकून बसली होती. मांडीवर लाल झुलीचा बैल, फ्रॉकच्या ओच्यात उकडलेल्या शेंगा. एक दाणा बैलाच्या तोंडाला लावायची, चार आपल्या तोंडात टाकायची.

"अवो, तिले शेंगा कोणी देल्या!" रुपाबाई ओरडलीच.

"देते कोण? थेच चोरून नेते. दात आले तवापासून शेंगांवरच जगून राह्यली."

"अन् गांधी? अंगावर गांधी उठतात ना?"

"हिच्या? मुंगी चावली तरी पुटकुळी येत नाही हिले. कोणी सांगतलं तुमाले?"

रुपाबाई पायरीवर मटकन बसली. आधी तिला रडू फुटलं, मग हसू. कीर्तनात टाळी पडावी तशी तिनं दोन्ही हातांनी टाळी वाजवली. छातीवरचा दगड उतरला होता. आईचा जीव, उगाच भ्यायली असंल बिचारी!

"कोणत्या गावच्या तुमी?" म्हातारीनं विचारलं.

"मंगरूळकडच्या तांड्यावरची."

"अस्सं," म्हातारी म्हणाली आणि पदर सावरून जराशी मागे सरकली.

तेवढ्यात ओल्या हातांनी वैभवी बाहेर आली. रुपाबाईला पाहून दारातच थबकली.

"घाबरू नका, माय. चूक माही होती," रुपाबाई भराभरा बोलू लागली. "चिठ्ठ्या उलट्या लागल्या, तुमाले टरफलाचा बैल आला. सकाळपासून जिवाले घोर होता. पण पोरगी तर शेंगा खाऊन राह्यली! तुमचं भेव फुकट गेलं पाहा."

वैभवीनं ओले हात पदराला पुसले. रुपाबाईनं डबा उघडला.

"अन् हे म्या मुद्दाम तिळाचे केले. दाण्याचा कणबी नाही. कढई तीनदा घासली."

निकितानं बैल खाली टाकला आणि हात पुढे करून धावत आली.

वैभवीनं तिचा हात धरला.

"नको," ती म्हणाली. "तिले तीळबी चालत नाही."