गाज

कारकिर्दीतल्या शेवटच्या फुटबॉल सामन्यात एलिसिओ मधल्या फळीत खेळत होता. होंडुरासच्या किनाऱ्यावर त्याची आई, मर्सिआना, कसावाचे कंद किसत रेडिओ ऐकत होती.

"इतकी वर्षं ऐकतेय, ताई," शेजारची सिरिला म्हणाली, "तुझ्या पोराचं नाव कधी येतच नाही. खेळतो तरी का?"

"चेंडू आला की लगेच पुढे देतो. नाव घ्यायला सवड कुठे मिळते? पडला तरच येतं."

समालोचक थांबला. मग सावकाश, आडनावासकट म्हणाला,

एलिसिओ

नोरालेस

मैदान सोडतोय.

किसणी थांबली.

गाज आली. वाढतच गेली.

"उधाण आलं गं," म्हणत सिरिला होडी ओढायला धावली आणि दारातच थबकली.

समुद्र निपचित पडला होता.

गाज रेडिओतून येत होती.