छातीवरचा हात

'पेशंटला हलवू नका,' एवढं बोलून तुम्ही पुढच्या खाटेकडे गेलात, डॉक्टरसाहेब. त्या दिवशी ते बरोबर होतं. पण कधीपर्यंत हलवू नका, ते सांगायला ना तुम्ही परत आलात, ना तुमचं कोणी. सुट्टी देताना गोळ्या सांगितल्या, पथ्य सांगितलं, हे तेवढं विसरलात. विसरायला ती छत्री होती का?

सालेकसाकडच्या हेमराजला लकव्याचा झटका आला तेव्हा ऐन उन्हाळ्यातले, तेंदूपत्ता तोडायचे दिवस होते. आता धान कापणीला आलं. तुमच्याच दवाखान्यातल्या व्यायामाच्या खोलीत तो टेबलावर बसला होता. बसला म्हणजे, पाठीमागून धाकटा भाऊ दुलीचंद धरून होता म्हणून. उजवा हात कोपरात मुडपून छातीला चिकटलेला, मूठ आवळलेली. बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं.

व्यायाम घेणाऱ्या अल्का मॅडम नवीन होत्या. त्यांनी तो हात हळूच उघडायला घेतला, तसा हेमराज ओरडला.

"घरी यांना कोण बघतं?"

"वयनी," दुलीचंद कौतुकानं बोलला. "गावात इचारा. दादाले राजावानी ठेवलं. उशीवरून डोकं नाही उचलू दिलं. मी तं मजाक करत होतो, वयनी, हा माणूस आहे का उबवाले ठेवलेलं अंडं?"

हेमराजची बायको दुर्गा लाजली. "दोन्ही बाजूनं धानाचे पोते लावले होते मॅडम. लोळून खाली नाही पडले पायजे. पण हे भारी हट्टी. रोज सकाळी कोपरावर जोर देऊन उठाले पाहायचे. मी छातीवर हात ठेवून दाबून धरत होती. एकदा तं रडले. तरी नाही उठू दिलं."

मॅडमचा हात थांबला.

"उठायला बघत होते? स्वतःहून?"

"रोज. मंग हळूहळू सोडून देल्लं त्यायनं."

मॅडमनी हेमराजचा हात त्याच्याच मांडीवर ठेवून पाहिला. तो मांडीपर्यंत गेलाच नाही.

"का झालं मॅडम?" दुर्गानं विचारलं.

"ताई, पहिला दिवस जपायचाच असतो. घाईनं उठवलं तर धोका असतो. पण बीपी जागेवर आलं की दोन-चार दिवसांतच थोडं थोडं बसवायचं, हातपाय हलवायचे. कसं ते कोणीतरी दवाखान्यातच शिकवायचं असतं. ते उठायला बघत होते ना, तेव्हा..."

"तेव्हा का?"

"तेव्हा उठवायचं होतं."

दुलीचंदनं भावाला पाठीमागून आणखी घट्ट धरलं.

"मंग आता?" दुर्गानं विचारलं.

"आता करू. होईल तेवढं." मॅडमनी हे खिडकीकडे बघत सांगितलं.

हेमराज दुर्गाकडे पाहत होता. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

तिनं दुलीचंदच्या मदतीनं त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची तुमच्या खोलीकडे ढकलत नेली. बाहेर रांग होती. "ओ बाई, नंबर से आओ," शिपाई खेकसला. तिनं ऐकलं नाही. खुर्चीनंच दार उघडलं.

तुम्ही मान वर केलीत. हेमराजकडे पाहिलं नाहीत, तिलाच विचारलंत, "काय तकलीफ आहे?"

"मले काही नाही," दुर्गा बोलली. "यायले सांगा साहेब. बायकोनं रोज सकाळी छातीवर हात ठेवून काऊन दाबलं, ते यायले सांगा. माह्यानं सांगणं होत नाही. तुमी सांगा."