सिस्टरची साक्ष

भाऊ दवाखान्यात शिरले तेव्हा सिस्टर एका आजीबाईंच्या दंडाला कापूस चोळत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"बसा," त्या म्हणाल्या. "बाकावर आधी आलेले आहेत, त्यांच्यानंतर."

बाकावरची माणसं चपापली. भाऊंशी असं बोलायची वस्तीत कुणाची छाती नव्हती. भाऊ मात्र हसले आणि निमूट बाकाच्या टोकाला टेकले. गरज त्यांना होती.

मागच्या निवडणुकीत भाऊ थोडक्यात पडले होते. निकाल लागल्या लागल्या त्यांनी चौकात उभं राहून सांगितलं की शाळेतल्या केंद्रावर मास्तरांनी पेटी बदलली. मास्तर म्हणजे सिस्टरचे यजमान. आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि निवडणुकीची ड्युटी लागली म्हणून केंद्रावर बसले. लोकांनी त्यांना घरातून फरफटत चौकात नेलं, गुडघ्यांवर बसवलं, चष्मा पायाखाली चिरडला. पुढे चौकशी झाली, तिच्यात काही म्हणजे काही निघालं नाही. पण ज्यांना नद्या-डोंगर शिकवले तेच त्या गर्दीत पुढे होते, हे मास्तरांनी पाहिलं होतं. त्यांनी अंथरूण धरलं, ते त्यातून उठलेच नाहीत.

आता पुन्हा निवडणूक आली होती. न्हाव्याच्या खुर्चीत, किराण्याच्या दुकानात, जिथे तिथे एकच विषय. या वेळीही पेट्या फिरवणार. वारं उघड उघड भाऊंच्या बाजूने होतं, तरी भाऊ प्रत्येक सभेत तेच सांगत. त्याशिवाय टाळ्या पडत नसत.

बाक रिकामा झाल्यावर ते पुढे आले.

"सिस्टर, झालं ते झालं. अर्ध्या वस्तीला पहिली सुई तुम्हीच टोचलीत. तुमचा शब्द लोक खाली पडू देत नाहीत. एकदा माझ्या सभेला या."

"येऊन काय करू?"

"मास्तरांनी शेवटी तुमच्याजवळ कबूल केलं, एवढं सांगा. वरून दबाव होता म्हणा. मी त्यांना नावं ठेवणार नाही. बिचारे फसले, असंच म्हणेन."

सिस्टरनी हातमोजे काढून डब्यात टाकले. साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, सावकाश पुसले.

"मला भाषणाची सवय नाही," त्या म्हणाल्या. "नेमकं काय बोलायचं ते सांगा."

भाऊंना हे इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. "मत कुणालाही द्या, जिंकणार कोण ते मोजणारेच ठरवतात. बस."

"एवढंच?"

"एवढं पुष्कळ झालं."

घरी लेकीने आकाशपाताळ एक केलं.

"त्या माणसाच्या स्टेजवर? आई, बाबा गेले तेव्हा तू माझ्यासमोर शपथ घेतली होतीस. याला सोडणार नाही म्हणाली होतीस!"

"आधी जेवून घे."

"कशाने गप्प केलं त्याने तुला? घाबरलीस?"

सिस्टर पोळपाट पुसत राहिल्या. लेकीने बॅग भरली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. दार आपटलं तेव्हा भिंतीवरचा मास्तरांचा फोटो कलला. सिस्टरनी तो सरळ केला, पण फोटोकडे पाहिलं नाही.

सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. सिस्टर माइकसमोर उभ्या राहिल्या आणि चौक चिडीचूप झाला.

"भाऊ सांगतात ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या घरातलंच माणूस केंद्रावर होतं, मला विचारा. त्यांनी शेवटी माझ्याजवळ कबूल केलं. तुम्ही मत कुणालाही द्या. जिंकणार कोण ते मोजणारे ठरवतात."

लोक पेटून उठले. बायका डोळे पुसू लागल्या. भाऊंनी सिस्टरचे दोन्ही हात धरून वर उंचावले. त्या खाली उतरल्या त्या तडक नळावर गेल्या आणि पुन्हा हात धुतले.

नंतर नेहमीसारख्या त्या घरोघर फिरत राहिल्या. कुणाचं ड्रेसिंग, कुणाचं इंजेक्शन. प्रत्येक घरात तोच प्रश्न, खरंच का हो सिस्टर?

"भाऊंवर विश्वास नाही का तुमचा?" त्या विचारत आणि पट्टी घट्ट बांधत.

मतदानाच्या दिवशी दुपार कलल्यावर भाऊ एकटेच दवाखान्यात धडकले. शर्ट घामाने चिंब, आवाज बसलेला. या वेळी ते बाकावर बसले नाहीत.

"सिस्टर, शाळेवर काळं कुत्रं नाही! समोरच्यांची माणसं गाड्या भरभरून येतायत आणि आपली वस्ती दारं लावून पडलीय. म्हणतात, मोजणारेच ठरवणार, तर उन्हात कशाला मरायचं! मी दारोदार फिरलो. मतदान चोख चाललंय, माझ्या डोळ्यांनी बघून आलो, असं घसा फोडून सांगितलं. एक जण ऐकेल तर शपथ. सिस्टरनी सांगितलंय म्हणतात!"

"मग?"

"तुम्ही चला. तुम्ही सांगा, सगळं स्वच्छ आहे."

"आणि मास्तर?"

"तेही स्वच्छ होते!" भाऊ ओरडले. "त्यांनी काही केलं नव्हतं, मला तेव्हाही ठाऊक होतं. पाहिजे तर चौकात सांगतो. पण आता चला. केंद्र बंद व्हायला फार वेळ नाही उरला."

बाकावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. एक जण हलकेच उठून उभा राहिला.

सिस्टरनी डाव्या हाताचं बोट भाऊंपुढे धरलं. शाई अजून ताजी होती.

"मी सकाळीच जाऊन आले, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्हालाच दिलं."