अर्धा चेहरा

दिवंगत नवऱ्याच्या चित्रांच्या प्रदर्शनात इंदुमतीबाई एकाच चित्रासमोर उभ्या होत्या. निळ्या-करड्या पट्ट्यांतून एका बाईचा अर्धाच चेहरा डोकावत होता. हयात असेपर्यंत नवऱ्याने ते स्टुडिओत भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. "कोण ही?" असं विचारलं की म्हणायचे, "कुणी नाही गं, नुसते आकार आहेत."

इंदुमतीबाईंचा संशय नवऱ्याच्या विद्यार्थिनीवर होता, शैलावर. चित्र पुरं झालं त्याच आठवड्यात ती कुणाला न सांगता नागपूरला निघून गेली होती. आज पिकल्या केसांची शैला प्रदर्शनाला आली, तशी त्यांनी तिला गाठलंच.

"खरं सांग, ही तूच ना?"

शैला दचकली. "मी? सरांनी माझं साधं स्केचसुद्धा कधी केलं नाही. मला वाटलं, ही तुम्हीच. इतक्या मायेनं रंगवलेलं बघितलं आणि वेडी आशा सोडून मी निघून गेले."

इंदुमतीबाईंचा आवाज खाली आला. "मी नाही गं. माझ्याकडे त्यांनी असं कधी बघितलंच नाही."

शैलाने त्यांचा हात धरला. दोघी बराच वेळ त्या तिसरीकडे बघत राहिल्या.