झुंबरबाईचं बोर्ड

झुंबरबाईनं पिठाची चाळण डोक्यावर पालथी घातली, हातात पळी घेतली आन् वरडली, "पुढचा डाक्टर कोन हाय? आत या!"

माऊली आतच व्हता. न्हावऱ्याच्या घरात, ओसरीवर, भरल्याल्या बॅगंशेजारी.

"आये, गाडी चुकंल. दौंडाला जायाचंय अजून."

"आय घरी ग्येली. मी नेव्हीची सायेब हाय. सरळ उभा ऱ्हा."

लढाई लागली व्हती. नेव्हीला जहाजावर ऑपरेशनं करणारं डाक्टर पायजे व्हतं. माऊलीनं अर्ज केला आन् दिल्लीवरनं बोलावणं आलं, मुलाखत घेणाऱ्या सायबांच्या बोर्डापुढं. वय निघून चाललं व्हतं, म्हंजी पुन्यांदा बोलावणं यायाची आशा न्हाई. समुद्र त्यानं जल्मात पाह्यला न्हवता. पर झुंबरबाई गावभर सांगत सुटली व्हती, का तिच्या आज्यानं भीमेच्या पुरात म्हशीवर बसून विंग्रजाची बोट बुडवली, तवा आरमार पोराच्या रगतातच हाय. म्हशीचं नावबी सांगायची. चंद्री.

शेजारच्या गीताबाईचा शंभू जीप घिऊन आला व्हता, माऊलीला स्टेशनावर सोडाया. दोघं एका पाटीवर शिकल्याली. झुंबरबाईनं त्याला खाटंवर आडवा पाडला. तो जखमी खलाशी. शंभू आसा कण्हाया लागला, का गोठ्यातल्या गाईनं चारा खायाचं सोडलं.

"ह्यो खलाशी," झुंबरबाईनं पळीनं दावलं. "ह्याला टाकं घातलं तर उद्याच्याला तोफंवर उभा ऱ्हाईल. दुसरा हाय म्हातारा कप्तान. त्याची कंबार मोडली, तो काय उभा ऱ्हात न्हाई. दोघांचं रगात चाललंय. तू येकला. कुनाला आधी?"

"दोघांनाबी वाचवीन."

पळी खाटंच्या दांडीवर आपटली. ठण्ण! "नापास! हात किती हायती तुला?"

मराया टेकल्याला खलाशी फिदीफिदी हसला.

माऊलीनं घसा साफ केला. "जो परत उभा ऱ्हाईल, त्याला आधी. लढाईत तसाच नियम आसतोय."

"आन् कप्तानाच्या जागी तुझी आय आसली तर?"

माऊलीनं बॅगंचा पट्टा आवळला. चाळणीखालनं दोन डोळं त्याच्यावर रोखल्यालं.

"तरीबी," तो म्हणला.

"पास!" झुंबरबाईनं त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला.

शंभू उठून बसला. "आन् माझं काय, म्हातारे? मी जगलो का मेलो?"

"जगलास, मुडद्या! चल, जीप काढ."

ती स्वताबी चाळण घालूनच मागं बसली. सायेब लोक स्टेशनापतुर सोडाया येत्यात, म्हणली.

दौंडाच्या अलीकडं, वळणावर, उसानं भरल्याली ट्रॉली जीपवर पलटी झाली. ट्रॅक्टरवाला मार खायाच्या भ्यानं शेतात पळाला. रस्त्याला दुसरं माणूस न्हवतं. फोन लावला, तर दवाखान्याची गाडी आत्ता दौंडावरनं निघती म्हणालं. माऊलीला नुस्तं खरचटलं व्हतं.

शंभू कडंला पडला व्हता. जांघंतनं रगात उडत व्हतं. पट्टा बांधाया जागा न्हाई आशी जखम. मूठ दाबून धरली तर माणूस जगतोय, सोडली तर जातोय. माऊली गुडघ्यावर बसला आन् मूठ लावली. रगात थांबलं.

"जगलो का मेलो रं?" शंभूनं विचारलं.

"जगलास, मुडद्या."

मग त्याला उसाखाली आयचं लुगडं दिसलं. तिच्या काखंतनं धार लागली व्हती.

"माऊल्या," झुंबरबाई म्हणली. आवाज आगदी गार. "पाय कळनात मला. मी काय उभी ऱ्हात न्हाई आता. तिथनं हालू नगंस."

माऊली बघत ऱ्हायला. मग त्यानं शंभूचाच हात उचलून जखमंवर ठिवला. "दाबून धर. आलोच."

शंभूनं धरलं. अंगात जोर व्हता तवर धरलं.

दिल्लीची गाडी ग्येली. झुंबरबाई वाचली, पर कमरंखालचं अंग ग्येलं. लोक म्हणाया लागलं, शंभू जागीच ग्येला. माऊली त्याला व्हयबी म्हणला न्हाई आन् न्हाईबी म्हणला न्हाई.

सावडणं उरकून गीताबाई दौंडाच्या दवाखान्यात आली. पिशवीतनं चेपल्याली चाळण काढून खाटंवर ठिवली. "उसात घावली, झुंबराक्का. तुमचीच न्हवं?"

मग ती माऊलीकडं वळली. आजपतुर त्याला "आरं माऊल्या" म्हणून धपाटं घातल्याली बाई. ती वाकली आन् त्याच्या पायाला हात लावला.

"डाक्टरसायेब, माझ्या पोराच्या नशिबातच न्हवतं. पर तुमी व्हता म्हणून झुंबराक्का तरी ऱ्हायली. नेव्हीवाल्यांला कळवा, का आशी आशी आय वाचवली. पुन्यांदा बोलवत्याल, बघा. डोळं झाकून घेत्याल तुमाला."

माऊलीनं पाय मागं घेतलं न्हाईत. आयकडं बघितलं.

झुंबरबाईनं चांगल्या हातानं उशाचा स्टीलचा पेला उचलला आन् खाटंच्या दांडीवर आपटला.

"नापास."